गेदाल्याच्या शेजारची जागा

मी ओवाद्या, शाल्तिएलचा मुलगा, वय एकाहत्तर, धंदा लोकर रंगवण्याचा, राहणार साफेद गावची खालची आळी, आज भर दुपारी उघड्या दाराशी बसून लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, लोभाने किंवा भिडेखातर करीत नाही. पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली आहे. वैद्य म्हणतो, दीड महिन्यावरच्या हनुक्का सणाचे दिवे बघाल. म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही. शरीर आणि बुद्धी यांची ग्वाही साक्षीदार देतील. माझ्या आत्म्याची ग्वाही मात्र मला स्वतःलाही देता येत नाही. त्याचे कारण सहाव्या कलमात येईल.

हा मजकूर माझ्या तोंडून ऐकून लिहून घेणारा लेखनिक अझ्रिएल माझा भिंतीला भिंत लागून शेजारी आहे. पावसाचे पाणी कोणाच्या टाक्यात जावे यावरून आम्ही दोघे अठरा वर्षे बोललेलो नाही. तरी त्यालाच बोलावले, कारण त्याचे अक्षर गावात सगळ्यांत चांगले आहे आणि त्याला माझी दया येणार नाही. हे लिहिताना त्याने मान वर केली. लिही, म्हटले, हेही लिही.

कलम पहिले. माझी तिरडी उचलण्याआधी हे मृत्युपत्र आमच्या यहुदी प्रार्थनाघरात मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत वाचावे. एक ओळही गाळली, तर प्रार्थनाघराला मी जे ठेवले आहे ते रद्द समजावे. हे कलम प्रार्थनाघराचा सेवेकरी बेन्विनिस्ते याच्यासाठी आहे. तो दुसरा साक्षीदार म्हणून समोर बसला आहे आणि आत्ताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत. अजून काही ऐकले नाही, तोवर ही स्थिती.

कलम दुसरे. राहते घर, त्याचे अंगण आणि टाके मी माझी एकुलती मुलगी ओरोविदा हिला देतो. मालकी आजपासून तिची, भोगवटा माझ्या मृत्यूनंतर, म्हणजे कायद्याने कोणाला फाटे फोडायला जागा राहू नये. पैसाअडका किती आहे ते तिला ठाऊक आहे. इथे लिहून लोकांची भूक चाळवायची नाही. जावयाला माझा पलंग. त्याची नजर वीस वर्षे घरावर होती. निदान पाठ तरी टेकेल. अंगणातल्या अंजिराची जी फांदी अझ्रिएलच्या बाजूला वाकली आहे तिची फळे त्याची. ती तो तशीही खातो.

“पाण्याचं काय?” अझ्रिएलने विचारले. अठरा वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले वाक्य.

“पाणी तुझं. घे बाबा. मला आता काय करायचंय पाणी.”

त्याने लिहिले, पण त्याला आनंद झालेला दिसला नाही.

कलम तिसरे. रंगाचे दुकान, त्यातली दोन तांब्याची भांडी, वाळवणाचे बांबू, निळीच्या वड्या आणि तुरटी हे सगळे प्रार्थनाघराला, वरील अटीवर. लोकरीचा धंदा बसला आहे, अर्ध्याअधिक मागांवर कोळिष्टके आहेत, तेव्हा फार मिळणार नाही. छप्पर मात्र शाकारून होईल.

कलम चौथे. तिसरे भांडे, म्हणजे लाल रंगाच्या मंजिष्ठेची मोठी कढई, हिच्यावर कोणीही हक्क सांगू नये. ती फोडावी. ओरोविदाने विचारले, “बाबा, चांगली कढई कशाला फोडायची?” पुढे ऐक, म्हटले.

कलम पाचवे. टेकडीवरच्या आपल्या दफनभूमीत, गेदाल्याच्या कबरीच्या उजव्या हाताची जागा मंडळींनी माझ्या नावाने चव्वेचाळीस वर्षे राखून ठेवली आहे. ती मी नाकारतो. ती जागा गेदाल्याची बायको जोया हिची आहे. तिला हवी असल्यास. मला उताराच्या टोकाला, जिथे रंगाचे सांडपाणी झिरपून माती तांबडी झाली आहे, तिथे पुरावे. माझ्या कबरीशी कोणी आशीर्वाद मागायला येऊ नये. आला तर बेन्विनिस्तेने त्याला हाकलावे.

इथे बेन्विनिस्ते उठून उभा राहिला. “ओवाद्याजी, हे काय चाललंय? लोक दूरदूरच्या गावांहून त्या कबरीवर दिव्याला तेल घेऊन येतात. मी त्यांना सांगतो, ही चुंबनाने गेलेल्या पुण्यात्म्याची जागा, आणि ही शेजारची रिकामी, ती त्याच्या सोबत्याची.”

“ठाऊक आहे. आता तर तू असंही सांगतोस, की त्या वेळी खिडकीतून पारवा आत आला होता.”

“लोकांना आवडतं ते.”

“पारवा नव्हता, बेन्विनिस्ते. बस खाली.”

कलम सहावे. हे मालमत्तेचे कलम आहे. दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे राहिली आहे आणि ती मला परत करायची आहे. वस्तू जोयावहिनींची आहे. ती कशी माझ्याकडे आली ते सांगितल्याशिवाय परत करता येत नाही, म्हणून सांगतो.

आम्ही सात जण होतो. सगळे पंचविशी-तिशीतले, दिवसा लोकरीच्या धंद्यात राबणारे. गेदाल्या लोकर पिंजायचा. आम्ही देवावर प्रेम करायचो. हे वाक्य आज ऐकायला सोपे वाटते. पण मी शपथेवर सांगतो, ते खरे होते. बाईच्या नादाला लागलेला माणूस जसा कामात चुकतो, तसे आम्ही चुकायचो. एकदा निळीतून वर काढलेली लोकर वाऱ्यावर हिरव्याची निळी होताना बघून मी हमसून हमसून रडलो होतो. मालकाने कानाखाली वाजवली. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि देव माझ्या इतक्या जवळ होता की मला बोलताना आवाज खाली ठेवावा लागे.

दुपारच्या प्रार्थनेत एक वेळ अशी येते की माणूस तोंड झाकून खाली पडतो. आमच्या गूढविद्येत त्याचा अर्थ असा, की त्या क्षणी तू मेलास. आपला आत्मा आपण होऊन देवाच्या हाती ठेवायचा, मृत्यूच्या जागेपर्यंत खाली उतरायचे, तिथल्या अंधारात अडकलेले उजेडाचे कण सापडले तर उचलायचे, आणि देवाने आत्मा परत दिला की उठून घरी जायचे. हे नुसत्या ओठांनी करायचे नाही. मन भलतीकडे ठेवून जो पडतो, त्याचा आत्मा तिथेच ठेवून घेतला जातो. म्हणून शहाण्या मंडळींनी पडणेच सोडून दिले. बसल्या जागी कपाळ हातावर टेकवतात आणि आटोपते घेतात. आम्ही शहाणे नव्हतो. आम्ही फरशीवर आडवे व्हायचो. पडलेल्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, असा आमचा नियम होता; वाटेतल्या आत्म्याला हाक गेली तर तो ना वरचा राहतो ना खालचा. आणि सगळ्यांत मोठे मरण कोणते, तर चुंबनाचे. प्रेमात जीव असा ओढला जातो की ओठांवरून अलगद निघून जातो, मृत्युदूताला हात लावावा लागत नाही. ते आपल्याला यावे असे आम्हा सातही जणांना वाटायचे. घरी बायका होत्या, तान्ही मुले होती, तरी वाटायचे. यात काही चुकतेय असे कोणाच्या मनातही आले नाही.

तेवेत महिना होता, कडाक्याची थंडी. गेदाल्या सकाळी दुकानात आला, मला म्हणाला, “ओवाद्या, डावा हात भरून आलाय रे.” मी म्हटले, “दिवसभर पिंजतोस, हात नाही तर काय पाय भरून येईल? तेल चोळ.” तो हसला.

दुपारी प्रार्थनाघराच्या दारात एक नवरदेव आला. सर्वांना ठाऊक आहे की लग्नाच्या सात दिवसांत नवरदेव ज्या जमावात उभा असेल तिथे पडायचे नसते. त्याच्या आनंदासाठी सगळ्यांचे मरण त्या दिवसापुरते माफ होते. तो आत आला असता तर आम्हाला पडता आले नसते. मी दारातच त्याला अडवले. म्हटले, “बाबा रे, दुसरीकडे जा. आमचं मरण चुकवू नकोस.” तो ओशाळून गेला.

अझ्रिएलने इथे लेखणी थांबवली.

“तो मी होतो,” तो म्हणाला.

“हो. तूच होतास.”

“मला वाटलं, माझे कपडे बघून हसताय. सासऱ्याचे उसने होते. घट्ट.”

“कपड्यांचं नव्हतं रे.”

“चव्वेचाळीस वर्षं मी त्या प्रार्थनाघरात पाय ठेवला नाही, ओवाद्या. पाण्याचं भांडण नंतरचं.”

“लिही,” मी म्हटले. “तुलाही लागतं ते लिही.” त्याने लिहिले.

आम्ही पडलो. गेदाल्या माझ्या उजव्या हाताला, इतका जवळ की त्याच्या बाहीला लागलेली लोकर माझ्या नाकात जात होती. मी ओठ हलवत होतो आणि माझे मन दुकानात होते. मंजिष्ठेची कढई चुलीवर होती. मंजिष्ठ उकळू द्यायची नसते. उकळी आली की लाल रंग मरतो आणि लोकर विटकरी होते. जाळ मागे ओढला की नाही, हे मला आठवेना. देवाच्या हाती आत्मा देण्याच्या वेळी मी कढईत होतो. त्या वेळी मी दुसरीकडे कुठेही असतो तर माझे आयुष्य वेगळे झाले असते.

तेव्हा गेदाल्या बोलला. हळू, पण स्पष्ट. “ओवाद्या. हात. जोयाला बोलाव.”

मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने पुन्हा, “जोयाला बोलाव रे.” त्याचा पाय फरशीवर घासला गेला. मला वाटले, आत्मा निघताना मायेचा शेवटचा धागा ताणला जातो असे आपण शिकलो, तो हाच. बायकोचा धागा. आता तुटेल आणि हा पोहोचेल. मी बोललो तर हा वाटेतून परत फिरेल आणि जन्मभर मला शिव्या देईल. आणि खरे सांगायचे तर मला त्याचा हेवा वाटला. मी कढईत, आणि हा वर चाललाय. तिसऱ्यांदा तो नुसते “जोया” म्हणाला. मग काही म्हणाला नाही.

सगळे उठले, तो उठला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डाव्या हाताची मूठ आवळलेली होती. कोणीतरी मला विचारले, “तू शेजारी होतास. काही बोलला?” आणि मी म्हणालो, “देवाचं नाव घेतलं. चुंबनाने गेला.” मीच म्हणालो. माझ्याआधी कोणी म्हणाले नव्हते. एका घटकेत सगळी आळी रडत होती आणि नाचतही होती. आधीच्या सालात साथीने घरेच्या घरे बसली होती; लोकांना असे काहीतरी हवे होते. मी ते दिले.

सात दिवसांच्या सुतकात जोयावहिनी जमिनीवर बसून होत्या. एकवीस वर्षांचे वय. मला म्हणाल्या, “भावोजी, खरं सांगा. जाताना एकदा तरी मागे वळून बघितलं का त्यांनी?” मी म्हणालो, “नाही, वहिनी. थेट गेला.” त्यांनी डोके हलवले, आणि समोरचे सुतकाच्या जेवणातले उकडलेले अंडे उचलून निमूट सोलू लागल्या.

तेव्हापासून त्या कबरीवर गेल्या नाहीत. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. पुण्यात्म्याची विधवा म्हणून कोणी तिला मागणी घालायला धजले नाही. तिचे बोलणे सगळ्या गावाला पाठ आहे: “देवाने माझा नवरा पळवला. मी देवाची सवत. सवतीने सवतीच्या दारात कशाला जायचं?” सूत कातून पोट भरले. आणि मला? मला लोकांनी मानाची जागा दिली. आजारी मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला बोलावले. मी हात ठेवले. काही मुले बरीही झाली, त्याला माझा इलाज नाही.

माझे त्या दिवशी काय झाले ते आता सांगतो. विद्येत लिहिले होते तसेच झाले. मी खाली उतरलो आणि वर आलो नाही. फरशीवरून उठले ते शरीर. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही प्रार्थना चुकवलेली नाही आणि एकही कुठे पोहोचलेली नाही. देव नाही असे मी म्हणत नाही. तो आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही. बायको गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसून रडू येण्याची वाट बघितली. आले नाही. नीळ आजही हिरव्याची निळी होते, मी बघतो, आणि मला एवढेच दिसते की रंग चढला. लोक मेल्यानंतर पुरतात. मला पुरायला मंडळींनी चव्वेचाळीस वर्षे उशीर केला. पश्चात्ताप केला का, असे कोणी विचारील. केला. उपास केले, थंड पाण्यात बसलो. पण वस्तू परत न करता चोराने कितीही रडावे, कायदा त्याला विचारत नाही. आणि वस्तू परत करायची मला हिंमत झाली नाही, कारण ती परत केली की माझ्याकडे तो खोटा मानसुद्धा उरत नव्हता.

तर वस्तू ही. गेदाल्याचे शेवटचे शब्द. देवाचे नाव त्यात नव्हते. तीन वेळा त्याने जोयाला हाक मारली. मी त्या हाका जोया, एलियाकीमची मुलगी, हिला बिनशर्त परत करतो. त्या बदल्यात क्षमा मागत नाही. मागण्याचा हक्क नाही.

यावर बेन्विनिस्ते म्हणाला, “हे वाचलं तर कबरीवर कोण येईल?”

“त्याची बायको येईल,” अझ्रिएल म्हणाला. “आली तर.”

माझ्या मृत्यूपर्यंत थांबावे असे मी कलम पहिल्यात लिहिले होते. ते लिहून झाल्यावर मला कळले की हाही पळपुटेपणाच आहे. मेल्यावर मला कोण काय म्हणणार? म्हणून ओरोविदाला पाठवून जोयावहिनींना बोलावून घेतले. त्या आल्या. सूत कातायची चाती हातातच होती. अझ्रिएलने सहावे कलम त्यांना वाचून दाखवले. पुढे जे बोलणे झाले ते मी याच मृत्युपत्रात जोडतो आहे. ते गाळू नये.

वहिनींनी चातीवरचा धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, “कढई उकळली होती का?”

“नाही. जाळ मी आधीच ओढून ठेवला होता.”

“म्हणजे लोकर नीट निघाली.”

“हो, वहिनी. लाल निघाली.”

“बरं झालं. काहीतरी नीट निघालं.” त्यांनी माझ्या सुजलेल्या पायांकडे बघितले. “भावोजी, तुम्हाला एक सांगते. कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्या दुपारी मी वर होते.”

“कुठे वर?”

“बायकांच्या सज्जात. दिव्यांचं तेल घेऊन आले होते. बाहेरच्या जिन्याने. जाळीतून बघत होते तुम्हा सगळ्यांना.”

मी म्हणालो, “मला वाटलं, तुम्हाला कोणी घरून बोलावून आणलं.”

“कोण आणणार? दहा पायऱ्या उतरून आले. त्यांचा पाय हलला तो मला दिसला. नंतर हलायचे थांबले, तेही दिसलं. म्हटलं, हाक मारावी. पण नियम होता ना तुमचा. म्हटलं, आपण बाईमाणूस, हाक मारली आणि त्यांचं मोठं काही मोडलं तर? पदर तोंडात कोंबून बसले.” त्यांनी चाती मांडीवर ठेवली. “तुम्ही नुसतं ‘वहिनी’ म्हटलं असतं, एवढ्याच आवाजात, आत्ता बोलताय तेवढ्या, तरी मला ऐकू आलं असतं.”

ओरोविदा रडू लागली. बेन्विनिस्तेने डोळ्यांवर हात धरला. मी मात्र तसाच बसून होतो. रडू आज तरी येईल असे वाटले होते.

“इतकी वर्षं मी त्यांच्यावर डूख धरून होते,” वहिनी म्हणाल्या. “मेलेल्या माणसावर. रोज सकाळी उठून पहिलं तेच काम. आणि ते बिचारे मलाच...” मग अझ्रिएलकडे वळल्या. “देण्याचा कागद आहे ना हा? मग घेणाऱ्याची पोच नको का?”

“रीत आहे,” अझ्रिएल म्हणाला.

“मग घ्या लिहून. आणि जागेचंही लिहा. मला हवी आहे.”

“विधवा जोया असं लिहू?”

“मी सांगते तसं लिहा.”

येथे माझे मृत्युपत्र संपते. यापूर्वी मी कोठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मला पुरताना तोंड आकाशाकडे ठेवतात ते ठेवावे; उपडे पडून माझे पुष्कळ झाले.

स्थळ: साफेद, वरचा गालील.
दिनांक: हेश्वान महिन्याचा नववा दिवस, जगाच्या उत्पत्तीपासून वर्ष पाच हजार तीनशे पंचाहत्तर.

सही: ओवाद्या, शाल्तिएलचा मुलगा, रंगारी.

साक्षीदार पहिला: अझ्रिएल, नाथानचा मुलगा, लेखनिक. मजकूर ऐकला आणि माझ्या हाताने लिहिला. त्या दुपारी मी दारातून परत गेलो, हे खरे आहे.

साक्षीदार दुसरा: बेन्विनिस्ते, योनाचा मुलगा, प्रार्थनाघराचा सेवेकरी. मी हे वाचीन. पारवा नव्हता.

पोच: कलम सहाव्यातली वस्तू आज मिळाली. तीनही हाका पोहोचल्या. निशाणी अंगठ्याची: जोया, गेदाल्याची बायको.